दुखरी शीर: आराम किती, ओझं किती?

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच प्रकारच्या दुखण्याची निघाली. कुणी त्याला नस म्हटलंय, कुणी शीर, कुणी टेंडन. नस म्हटलं की रक्तवाहिनीपासून मज्जातंतूपर्यंत काहीही समजलं जातं, म्हणून खालच्या उत्तरांत आम्ही शीर हाच शब्द वापरलाय. स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी, चिवट दोरी, म्हणजे पुस्तकातली कंडरा, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

प्रश्न: वय ४४. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी यवतेश्वर घाटात धावतो. पाच महिने झाले, उजव्या टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर शीर दुखते. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली दहा पावलं लंगडत जातात. तीन आठवडे पूर्ण आराम केला की थांबतं. धावायला लागलो की चौथ्या दिवशी पुन्हा हजर. गोळ्या झाल्या, जेल झालं, क्रेप बँडेज झालं. आता काय करू? (सातारा)

तुमचा आराम आणि तुमचा घाट, दोघं मिळून हे दुखणं जिवंत ठेवतायत. तीन आठवड्यांत शीर फक्त शांत होते, बरी होत नाही. उलट तेवढ्या दिवसांत पोटरी ढिली पडते आणि शिरेची ओझं घ्यायची सवय मोडते. मग तुम्ही पुन्हा त्याच घाटात, त्याच जोमाने उतरता. धावताना या शिरेवर शरीराच्या वजनाच्या साधारण सहा ते आठ पट ताण येतो. वजन ७० किलो धरलं तर दर पावलाला सव्वाचारशे ते साडेपाचशे किलो. त्यात चढावर टाच पंजापेक्षा खाली राहते, म्हणजे शीर पूर्ण ताणलेली असतानाच हे ओझं घेते. जुनी माणसं हिला घोडशीर म्हणायची. नाव साजेसं आहे, पण घोड्यालाही महिनाभर तबेल्यात बांधून एकदम घाटात घालत नाहीत.

पुढचे दोन आठवडे घाट पूर्ण बंद. सपाटीवर चालणं, सायकल, पोहणं चालू ठेवा. दोन्ही बुटांत टाचेखाली एक सेंटिमीटर जाडीची रबराची किंवा कॉर्कची चकती घाला. फक्त दुखऱ्या पायात घातली तर कंबर कुरकुरते. घरात फरशीवर अनवाणी फिरू नका, टाचेला थोडी उंची असलेली चप्पल वापरा. पायरीच्या कडेला टाच लोंबकळत ठेवून पोटरी ताणायचा व्यायाम करत असाल तर तो आजच सोडा. ताणल्यावर घटकाभर बरं वाटतं, पण चिडलेल्या शिरेला तो चिमटाच असतो.

याच दोन आठवड्यांत स्थिर व्यायाम सुरू करा. भिंतीला हात टेकून दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभं राहायचं, टाचा अर्ध्या उंचीवर, आणि ४५ सेकंद तिथेच थांबायचं. मग दोन मिनिटं बसून विश्रांती. असं पाच वेळा, दिवसातून एकदा. सोपं वाटलं तर वजन दुखऱ्या पायावर जास्त टाका.

तिसऱ्या आठवड्यापासून खरं काम. एक दिवसाआड, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस. तीन सेकंद मोजत टाच वर, तीन सेकंद मोजत खाली. १५ वेळा झाले की दोन-तीन मिनिटं थांबायचं, असे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून आणि तीन फेरे गुडघा थोडा वाकवून. वाकवलेल्या गुडघ्याचे फेरे लोक हमखास गाळतात, आणि धावणाऱ्याला तेच जास्त लागतात, कारण पोटरीचा आतला रुंद स्नायू त्यातच राबतो. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग पायरीच्या कडेवर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊन. एका पायावर १५ सहज जमले की पाठीला सॅक. सुरुवात पाच किलोने, म्हणजे तांदळाची पाच किलोची पिशवी. मग आठवड्याला दोन-तीन किलो वाढवत जायचं. वजन वाढेल तशी संख्या घटवायची: १५ वरून १२, मग १०, ८, शेवटी ६. सहाव्यानंतर सातवा जमू नये इतकं ओझं व्हायला हवं. दहा-बारा आठवड्यांनी सॅकमध्ये २० किलो असतील तर घाबरू नका, तेच अपेक्षित आहे.

यूट्यूबवर तुम्हाला दुसरी पद्धतही दिसेल. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली, फक्त टाच खाली नेण्याची, दिवसाला १८० वेळा, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. तीही चालते. पण डेन्मार्कमध्ये दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्या, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, आणि तीन दिवसांचं जड, संथ काम तितकंच गुणकारी ठरलं. नोकरी सांभाळणाऱ्याने रोज १८० च्या वाटेला जाऊ नये. पंधराव्या दिवशी कंटाळा जिंकतो.

आता दुखण्याचं. व्यायामात थोडं दुखणार, ते चालतं. शून्य ते दहाच्या मापावर चारपर्यंत दुखलं तर थांबायचं कारण नाही. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा पावलं नेहमीसारखी असतील तर कालचं ओझं बरोबर होतं. दहाची पंचवीस झाली तर ओझं एक पायरी कमी करा, पण व्यायाम सोडू नका. रोज सकाळचा हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी मागे पाहिलं की उतार दिसतो, एरवी रोजच्या चढउतारात तो कळत नाही.

धावणं कधी? एका पायावर संथ २० ते २५ वेळा टाच उचलता आली आणि दोन्ही पायांवर जागच्या जागी उड्यांचे तीन फेरे, दर फेरीत दहा, दुसऱ्या सकाळी काही न बोलता पचले, की शाहू स्टेडियमसारख्या सपाट जागी एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं २० मिनिटं. दोन धावण्यांत किमान ४८ तासांचं अंतर. आधी वेळ वाढवा, मग वेग, आणि घाट सगळ्यात शेवटी. तोही आधी चालत चढायचा. हे सगळं तीन महिन्यांत बसलं तर नशीब म्हणायचं. पाच महिने जुन्या दुखण्याला सहा ते नऊ महिने धरून चाला आणि यंदाची शर्यत सोडून द्या.

प्रश्न: मी द्राक्षबागेत छाटणीच्या टोळीत काम करते. वय ३८. उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ येते, कळशी उचलता येत नाही. दोन वर्षांत दोन इंजेक्शनं घेतली. पहिल्याने चार महिने आराम पडला, दुसऱ्याने सहा आठवडे. तिसरं घ्यावं का? (तासगाव)

घेऊ नका, ताई. तुमचा अनुभव पुस्तकातल्यासारखा आहे. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले काही आठवडे झकास जातात आणि पुढे दुखणं परत येतं. ऑस्ट्रेलियातल्या २०१३ च्या एका चाचणीत तर वर्षाअखेरीस इंजेक्शन घेतलेले लोक खोटं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा मागे पडलेले दिसले. कारण सोपं आहे. कळ थांबली की कात्री पुन्हा पूर्ण जोरात चालते आणि शीर आहे तिथेच राहते.

कात्री दाबताना मूठ आवळली जाते, हे सगळ्यांना दिसतं. पण मूठ आवळताना मनगट खाली लोंबू नये म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू सतत ओढून धरतात आणि त्या सगळ्यांची दोरी कोपराच्या बाहेरच्या त्या एका हाडाला बांधलेली असते. दिवसभरात हजारो वेळा. म्हणून आधी कात्रीकडे पाहू. पातं बोथट असेल तर तीच काडी कापायला दुप्पट जोर लागतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कात्रीला धार लावायचा नियमच करा. स्प्रिंग कडक असेल तर बदलून घ्या. मुठी बारीक आणि गुळगुळीत असतील तर त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. जाड, न घसरणारी मूठ कमी आवळावी लागते. खरड छाटणीतली जाड काडी एका हाताच्या कात्रीने कापायचा हट्ट नको, तिथे दोन्ही हातांची लांब दांड्याची कात्री घ्या. टोळीचं काम एकरावर ठरलेलं असतं, त्यामुळे ‘सुट्टी घ्या’ म्हणणं सोपं, घेणं अवघड, याची आम्हाला कल्पना आहे. पण दोन तास कात्री, मग अर्धा-पाऊण तास काड्या गोळा करणं, अशी आपसांत पाळी लावून घेता येते.

घरी कळशी, कुकर, पातेलं उचलताना तळहात वर ठेवा. पालथ्या हाताने उचललं की सगळा भार त्याच शिरेवर. चादर पिळायची तर नळाला अडकवून दोन्ही हातांनी पीळ द्या.

व्यायाम असा. हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर टेकवा, तळहात खाली, पंजा कडेबाहेर. मुठीत अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली, म्हणजे अर्धा किलो. पहिले दोन आठवडे मनगट सरळ ठेवून ४५ सेकंद धरायचं, पाच वेळा. मग दुसऱ्या हाताने पंजा वर उचलायचा आणि दुखऱ्या हाताने चार-पाच सेकंद घेत खाली सोडायचा. १५ चे तीन फेरे, एक दिवसाआड. बाटली एक लिटरची करा, मग दीड, मग दोन. सुरुवातीचा अर्धा किलोही धरवत नसेल तर अर्ध्या भरलेल्या बाटलीने सुरुवात करा. कोपराचा पट्टा वापरायचा तर हाडाच्या दोन बोटं खाली बांधा, फक्त कामाच्या वेळी. हाडावरच बांधला तर काही उपयोग नाही, आणि बोटांना मुंग्या आल्या तर तो घट्ट झालाय. मुंग्या पट्टा नसतानाही येत असतील किंवा मान वळवली की हातात कळ जात असेल, तर दुखणं मानेतलं असू शकतं. ते आधी तपासून घ्या.

गोडी छाटणी जवळ आली असेल तर त्याआधीचे आठ-दहा आठवडे हा व्यायाम झालेला असावा. छाटणी सुरू झाल्यावर सुरुवात केली तर शिरेला दोन्ही ओझी एकदम पडतात.

प्रश्न: सहा म्हशी आहेत, धार मीच काढतो. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला सूज आहे, अंगठा हलवला की करकरतं. डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणतात. शेजारी म्हणतो इंजेक्शनाने शीर सडते. (पलूस)

वरचं उत्तर वाचून तुमचा शेजारी खूश होईल, पण इथे डॉक्टर बरोबर आहेत. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं की कळ निघत असेल, तर अडचण शिरेच्या म्यानात आहे. अरुंद झालेल्या म्यानातून शीर घासत जाते. तिथे नेमकं म्यानात दिलेलं एक इंजेक्शन बहुतेकांना पुरतं. सोबत अंगठाही धरून ठेवणारा पट्टा तीन ते सहा आठवडे. नुसता मनगटाचा पट्टा चालत नाही. साखर असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस ती वाढते, तपासत राहा. टोचल्या जागी कातडी पांढुरकी पडू शकते.

कारण मात्र गोठ्यात आहे. तुम्ही अंगठा मुडपून, त्याच्या पेरावर सड दाबत असणार. पूर्ण मुठीने काढा: वरून खाली एकेक बोट मिटत. सडालाही तेच बरं, पशुवैद्यकही हेच सांगतात. सहा म्हशींना दोन वेळ म्हणजे दिवसाला बारा धारा, तेव्हा घरातल्या आणखी कुणाला तरी अर्ध्या वाटून द्या. बाळंतीण बायकांनाही हाच त्रास होतो, बाळाला काखेत अंगठे पसरून उचलल्यामुळे. त्यांनी बाळाच्या बुडाखाली हात घालून उचलावं.

प्रश्न: वय ६६. लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू आहे. पाचव्या दिवसापासून दोन्ही टाचांच्या मागे दुखतंय. वरच्या पहिल्या आजारासारखा व्यायाम करू का? (कराड)

मुळीच नाही. तुम्हाला पत्र मिळाल्या दिवशीच फोनवर कळवलं आहे, इथे इतरांसाठी छापतोय. ज्या प्रतिजैविकांचं नाव ‘फ्लॉक्सासिन’ने संपतं (सिप्रो, लिव्हो, ऑफ्लो, मॉक्सी), ती शिरेला इजा करू शकतात, कधी ती तुटेपर्यंत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये याबद्दल पाकिटावर चौकटीतला इशारा बंधनकारक केला. वय साठच्या पुढे, सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा आजार, यांत धोका वाढतो. शीर दुखू लागली की पुढची गोळी घेण्याआधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना गाठायचं आणि दुसरं औषध मागायचं. संसर्ग अर्धवट सोडायचा नाही. तोवर जिने, भराभर चालणं बंद.

मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, ‘कट्’ आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर शीर तुटली असं समजून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. पालथं झोपवून पोटरी दाबली की पाऊल खाली हलायला हवं. हललं नाही तर शंका पक्की. चालता येतंय म्हणून थांबू नका. दुसरे स्नायू तात्पुरते वेळ मारून नेतात. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या डब्यातून काढून घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

प्रश्न: पोलीस भरतीची तयारी करतोय, वय २०. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाला दुखतं, एका बोटाने जागा दाखवता येते. १६०० मीटरला सुरुवातीला दुखतं, मग गरम झालं की कमी, रात्री जास्त. ग्राउंड दहा आठवड्यांवर आहे. अकॅडमीत रोज बेडूकउड्या आणि पाचशे बैठका असतात. (माण तालुका)

दहा आठवड्यांत गुडघा पूर्ण बरा होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. पण ग्राउंड निघू शकतं. भरतीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक आहे. बेडूकउडी कुठेच नाही. ती बंद कर. पाचशे भराभर बैठकाही बंद. तालमीत ज्यांनी दहा-दहा वर्षांत सवय केली त्यांना त्या पचतात, सहा महिन्यांत पाचशेवर गेलेल्याची शीर चिडते. सरांना हा मजकूर दाखव.

रोजचा व्यायाम: खांबाला जाड दोर किंवा पंचाचे दोन-तीन पदर बांध आणि तो फास दोन्ही गुडघ्यांच्या मागे, पोटरीच्या वरच्या टोकाला घे. खांबाकडे तोंड करून मागे रेलत बस, खुर्चीत बसल्यासारखा, पाठ ताठ, नडग्या जवळपास उभ्या. ४५ सेकंद. मग दोन मिनिटं आराम. पाच वेळा. मांड्या थरथरल्या पाहिजेत, नाहीतर आणखी खाली बस. पुष्कळांचं दुखणं यानंतर अर्धा-पाऊण तास चांगलंच उतरतं, म्हणून सरावाच्या आधी केलास तरी चालेल.

त्याशिवाय एक दिवसाआड संथ बैठका: तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, पाठीवर वाळूची पिशवी, चार फेरे. पहिल्या आठवड्यात दहा किलोवर १५, मग वजन वाढवत संख्या आठपर्यंत खाली. धावणं मातीच्या मैदानावर, वेगाचं धावणं तीन दिवसांतून एकदा. डोंगर उतरताना धावू नकोस, चालत उतर. गोळाफेकीचा सराव हात आणि कमरेपुरता ठेव, पायाने उसळी घेणं शेवटच्या तीन आठवड्यांत.

शिरेत इंजेक्शन घेऊन ग्राउंडला उतरणारी पोरं असतात. दुखणं कळत नाही आणि शीर फाटते. तेवढं करू नकोस.

प्रश्न: वय ५३. कमरेच्या बाजूच्या हाडावर दुखतं, त्या कुशीवर झोपता येत नाही. सायटिका म्हणून सहा महिने औषध घेतलं. एमआरआयमध्ये मणक्यात काही विशेष नाही. (सांगली)

कुल्ह्याच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवून ‘इथेच’ म्हणता येत असेल, गुडघ्याखाली मुंग्या नसतील, तर सायटिका नसून कुल्ह्याच्या शिरेचं दुखणं असण्याची शक्यता जास्त. पाळी जायच्या आसपासच्या वयात बायकांना हे फार होतं आणि फार उशिरा ओळखलं जातं.

ही शीर हाडावरून वळून जाते. मांडी आतल्या बाजूला गेली की ती हाडावर दाबली जाते. म्हणून पायावर पाय टाकून बसणं बंद. ओट्यापाशी उभं राहताना एका पायावर रेलून कुल्हा बाहेर काढायची सवय असते, ती मोडा, दोन्ही पायांवर सारखा भार. रात्री चांगल्या कुशीवर झोपलात तरी वरचा पाय खाली ओघळतो आणि तोच दुखतो. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आधार मिळेल अशी लांब उशी पायांत घ्या. छोटी उशी घेतली तर घोटा लोंबतो आणि काम फसतं. ‘नस मोकळी होईल’ म्हणून मांडी आत ओढायचे ताण कुणी शिकवले असतील तर सोडा.

व्यायामात पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर उचलणं, १० चे तीन फेरे. भिंतीला बाजू लावून उभं राहून भिंतीकडचा पाय न सरकवता बाहेर दाबून धरणं, ३० सेकंद, चार वेळा. महिन्याभराने एक पाय वीतभर उंचीच्या पाटावर ठेवून संथ चढउतार. झोप सुधारली की अर्धं काम झालं. ती साधारण चार-सहा आठवड्यांत सुधारते.

प्रश्न: टाचेच्या शिरेसाठी १४ आठवडे रोज १५ चे तीन फेरे केले, पायरीवर टाच पार खाली नेऊन. फरक शून्य. संध्याकाळी बॅडमिंटन चालू आहे. दुखणं दोन्ही पायांत, अगदी टाचेच्या हाडालाच. हळदीचा लेप, तेलमालिश, सगळं झालं. आता पीआरपी सुचवलंय, खर्च परवडेल असा नाही. (विटा)

पत्रातच चार चुका सापडल्या. दुखणं हाडाला चिकटते त्याच जागी असेल तर टाच पातळीखाली न्यायचीच नाही. खाली नेली की शीर टाचेच्या हाडावर आवळते, आणि तुम्ही हे चार हजारहून जास्त वेळा केलंत. सपाट जमिनीवरूनच करा, सुरुवातीला टाचेखाली पुस्तक ठेवून. दुसरं, चौदा आठवडे वजन वाढलंच नाही. स्वतःच्या वजनावर १५ जमायला लागले की शिरेला त्यातून नवीन काही मिळत नाही. तिसरं, रोज करता. जड काम असेल तर मधला दिवस मोकळा हवा, शिरेची दुरुस्ती त्या दिवशी चालते. चौथं बॅडमिंटन. ते पूर्ण सोडायला नको, पण व्यायामाच्याच दिवशी, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, आणि पुढे झेपावून खेळणं टाळून.

त्याआधी एक शंका मिटवा. दोन्ही टाचा, तेही हाडाशीच. सकाळचा ताठपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो का? कंबर पहाटे आखडते आणि हालचालीने सुटते का? कोपर, डोकं यांवर खवले सुटणारे चट्टे, डोळा लाल होऊन दुखणं? यातलं काही असेल तर हा संधिवाताचा प्रकार असू शकतो. त्यावर कितीही टाचा उचलल्या तरी उपयोग नाही, संधिवाततज्ज्ञच हवेत. साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासा. वाढलेल्या साखरेत शिरा जाड, कडक होतात आणि सावकाश सुधारतात. लहान वयापासून कोलेस्टेरॉल फार जास्त असणाऱ्यांच्या घोडशिरेत गाठीही येतात.

पीआरपी, म्हणजे तुमच्याच रक्तातला भाग काढून शिरेत टोचणं. घोडशिरेच्या मधल्या भागासाठी इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये निष्कर्ष आले: खोट्या सुईपेक्षा काही जास्त फायदा नाही. तुमच्याजागी आम्ही पैसे राखून ठेवले असते. शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्राने शिरेवर दिलेल्या ध्वनिलहरींच्या ठोक्यांचा, व्यायामासोबत काहींना फायदा होतो, व्यायामाऐवजी नाही. आणि लेप? सांगलीची हळद भौगोलिक मानांकनाची, तिच्याबद्दल बोलायची आमची छाती नाही. लेपाने शेक मिळतो, बरं वाटतं, चादरी पिवळ्या होतात. शीर कातडीखाली आहे तशीच राहते. मालिश पोटरीला करा, दुखऱ्या जागेवर अंगठा रगडू नका.

प्रश्न: वर्षभर व्यायाम करून दुखणं गेलं. अजिंक्यतारा रोज चढतो. पण सोनोग्राफीत शीर अजून जाड आणि ‘आत झीज’ लिहून आलंय. थांबू का? (सातारा)

दुखत नसताना सोनोग्राफी केली कशाला? शिरेचा गाभा तारुण्य येईपर्यंत घडतो आणि पुढे जवळपास बदलत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये, अणुचाचण्यांच्या काळात हवेत वाढलेल्या कार्बनच्या खुणा घोडशिरेत मोजून हे दाखवलं. तेव्हा झिजलेला भाग चित्रात दिसतच राहणार. मोटेच्या नाड्याचे आतले चार पीळ गेले तरी बाहेरचे पीळ जाड आणि घट्ट असले की मोट वर येते, तसं तुमचं झालंय. चढत राहा. जड व्यायाम आठवड्यातून एक-दोनदा चालू ठेवा, आणि पावसाळ्यात किल्ला महिनाभर चुकला तर पहिल्या दिवशी निम्म्यातून परता.